कळसूबाईच्या पायथ्याशी तरतमभाव

पहाटे साडेपाच

काल तपासायला आणलेल्या दहावीच्या वह्यांत पुन्हा तेच वाक्य आहे: ‘ही इज टॉल दॅन मी.’ अर्ध्याअधिक वर्गानं ते असंच लिहिलंय. लाल शाईनं ‘टॉल’पुढे ‘अर’ लिहून वही मिटता येते, पण मग पुढच्या आठवड्यात हीच चूक परत येते. चुकीमागचं कारण मुलांना दाखवल्याशिवाय ती जात नाही, म्हणून मी पहाटेचा तासभर कारण मांडण्याच्या तयारीला देते.

हे कारण मराठीतच आहे. ‘तो माझ्यापेक्षा उंच आहे’ म्हणताना तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर असतो. ‘तो उंच आहे’, ‘माझ्यापेक्षा उंच आहे’, ‘सगळ्यांत उंच आहे’, या तिन्ही वाक्यांत ‘उंच’ जागचं हलत नाही. इंग्रजी मात्र विशेषणालाच बदलायला लावते आणि वर ‘दॅन’ही मागते. मुलानं ‘उंच’साठी ‘टॉल’ आणलं, ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ आणलं. त्याच्या हिशेबानं वाक्य पुरं झालं. ज्या मुलाचा हिशेब इतका नीट आहे त्याला ढ म्हणणं मला पटत नाही.

आमची शाळा अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत. माध्यम मराठी. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतली बरीच मुलं वाड्यावस्त्यांवरून चालत येतात. त्यांची घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी, आणि इंग्रजी तिसरी. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे दहावीतल्या मुलानं ‘गुड, बेटर, बेस्ट’ शेकडो वेळा घोकलेलं असतं. त्याला ते पाठ आहे, पण वापरायची वेळ आली की सुचत नाही.

उदाहरणं निवडताना मी एक पथ्य पाळते: वर्गातल्या कुठल्याही दोन मुलांची तुलना फळ्यावर जाऊ द्यायची नाही. जुन्या सरावपुस्तकांत एक मुलगी दुसरीपेक्षा गोरी असते, एक मुलगा दुसऱ्यापेक्षा हुशार असतो, तिसरा सगळ्यांत जाड असतो. असं वाक्य फळ्यावर आलं की सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात आणि त्या बाकावरचं मूल त्या तासाला पुढचं काहीच शिकत नाही. तुलना करायला डोंगर आहेत, धरणं आहेत, भाताचे वाण आहेत, एसटीच्या गाड्या आहेत. यातलं कुणी दुखावत नाही, आणि त्यांच्याबद्दल मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.

सकाळी नऊ

दहावीचा जादा तास. परीक्षेत ‘चेंज द डिग्री’ हमखास विचारतात, त्यामुळे या तासाला मुलं कान टवकारून बसतात. मी फळ्यावर लिहिते: ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ हे वाक्य कुणाला पाठ करावं लागत नाही. 1646 मीटरचा तो डोंगर आमच्याच तालुक्याच्या हद्दीवर उभा आहे आणि नवरात्रात निम्मा वर्ग तिथे देवीला जाऊन येतो.

आता हेच दुसऱ्या डिग्रीत. पहिल्या बाकावरून उत्तर येतं: ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ मी ते तसंच फळ्यावर उतरवते आणि विचारते, कळसूबाई महाराष्ट्रात आहे की नाही? आहे. मग ती स्वतःपेक्षा उंच कशी? वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि मग मागून एक मुलगी म्हणते, “मॅडम, ‘अदर’ पाहिजे. इतर कुठल्याही शिखरापेक्षा.” मराठीत तिनं ‘इतर’ आपोआप घातलं, कारण मराठीतही त्याशिवाय अर्थ लागत नाही. इथेच मी दुसरं वाक्य टाकते: ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ इथे ‘अदर’ घालायचं का? एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही, तेव्हा नाही घालायचं. ‘एनी अदर’चा नियम नुसता सांगितला तर तो दोन दिवस टिकतो. या दोन डोंगरांमधला फरक एकदा दिसला की परीक्षेपर्यंत आणि त्यानंतरही टिकतो.

तिसरं रूप: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.’ इथे ‘हायर’ लिहिणारे काही निघतातच. दोन ‘ॲज’च्या मध्ये शब्द मुळातल्या रूपातच राहतो, आपल्या ‘इतकं उंच’मध्ये राहतो तसाच. मराठीशी जुळणारं हे एकच रूप असल्यामुळे मी सराव नेहमी इथूनच सुरू करते. पुस्तकं क्रमानं पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह शिकवतात, पण त्यांतलं पॉझिटिव्ह म्हणजे नुसतं ‘हाय’. ‘ॲज हाय ॲज’ फार उशिरा येतं. मुलाच्या भाषेत जी वाट आधीच आहे तिच्यावरून आधी न्यावं, असं माझं मत आहे.

मग उदाहरणं बदलतात. साल्हेर 1567 मीटर, राज्यातलं दुसरं. त्यावरून ‘साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई.’ आमचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं, जायकवाडी 1976 मधलं. ‘भंडारदरा इज ओल्डर दॅन जायकवाडी.’ इथे कुणीतरी ‘एल्डर’ म्हणतंच. एल्डर फक्त माणसांचं आणि तेही नात्यातलं, आपल्या थोरल्यासारखं. थोरला भाऊ असतो, थोरलं धरण कुणी म्हणत नाही. जिल्ह्यांमध्ये क्षेत्रफळानं आमचा अहिल्यानगर सर्वांत मोठा, 17,048 चौरस किलोमीटर. त्याखालोखाल पुणे, 15,643. ‘पुणे इज वन ऑफ द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट्स.’ ‘वन’ आलं म्हणून ‘डिस्ट्रिक्ट’ एकवचनी लिहिणाऱ्यांना मी मराठीत म्हणायला लावते: मोठ्या जिल्ह्यांपैकी एक. ‘जिल्ह्यांपैकी’तलं अनेकवचन कानाला लागलं की पेन थांबतं आणि ‘एस’ येतो. त्यावरून ‘व्हेरी फ्यू डिस्ट्रिक्ट्स आर ॲज लार्ज ॲज पुणे’ बनवायला फार वेळ लागत नाही.

अकरा

परिपाठ. प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या. आजचा इंग्रजी शब्द सहावीतल्या मुलाच्या वाट्याला आलाय. तो ‘क्वाएटली’ म्हणतो आणि वाक्य करतो: ‘प्लीज सिट क्वाएटली.’ रांगा खरोखरच खाली बसतात.

साडेअकरा

आठवी. आज क्रियाविशेषण. मी फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहिते: तो चांगला गातो. ती चांगली गाते. ती मुलं चांगली गातात. ‘चांगला’ कशाबद्दल सांगतोय, त्याच्याबद्दल की गाण्याबद्दल? वर्ग म्हणतो, गाण्याबद्दल. मग तो ‘ती’ आली की ‘चांगली’ का होतो? यावर वर्गात खरी चर्चा होते. मराठीत क्रियेचं वर्णन करणारा हा शब्दसुद्धा गाणाऱ्याचं लिंग-वचन घेतो. दिसायला तो पुरता विशेषणासारखा दिसतो. म्हणून मूल सरळ ‘गुड’ उचलतं आणि लिहितं, ‘ही सिंग्ज गुड.’ ते मराठीशी प्रामाणिक राहिलेलं असतं.

इंग्रजीत मात्र ठरवावं लागतं: गाणाऱ्याबद्दल बोलायचंय की गाण्याबद्दल? गाणाऱ्याबद्दल असेल तर ‘शी इज अ गुड सिंगर.’ गाण्याबद्दल असेल तर ‘शी सिंग्ज वेल.’ आम्ही अशा जोड्या करत सुटतो. ‘केअरफुल ड्रायव्हर’, ‘ड्राइव्ज केअरफुली’. ‘अ क्विक रीडर’, ‘रीड्स क्विकली’. ‘अ फास्ट रनर’, आणि इथे ‘रन्स फास्टली’ असा आवाज येतो. नाही, ‘फास्ट’ दोन्हीकडे फास्टच. ‘हार्ड’सुद्धा तसंच, आणि तिथे चूक महागात पडते. ‘माय मदर वर्क्स हार्डली’ असं लिहिलं की आई जेमतेमच काम करते असा अर्थ होतो. पहाटे चारला उठणाऱ्या आईबद्दल असं वाक्य आपल्या हातून गेलं हे कळल्यावर मुलगा ते स्वतःच खोडतो, मला सांगावं लागत नाही. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचंही तेच: ‘ही केम लेट’ म्हणजे उशिरा आला, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

जोड्यांचा सराव पक्का होऊ लागला की चूक उलट्या बाजूनं येते. एक मुलगी लिहिते, ‘द राइस स्मेल्स स्वीटली.’ अकोल्याकडचा काळभात चुलीवर शिजत असला की घमघमाट अंगणापर्यंत येतो, त्याबद्दल तिचं वाक्य आहे. मी विचारते, भात वास घेतोय का? नाही, भाताला वास येतोय. म्हणजे ‘स्वीट’ भाताबद्दल सांगतो, क्रियेबद्दल नाही. ‘स्मेल, टेस्ट, लुक, फील, साउंड’ या क्रियापदांपाशी थांबून हा प्रश्न विचारायचा. इथे मी घाई करत नाही. ‘एलवाय लावा की झालं’ हे मुलांच्या डोक्यात शिरलेलं सूत्र मोडायला एक तास पुरत नाही. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ ही तर शेपटीला ‘एलवाय’ असूनही विशेषणंच आहेत. ‘फ्रेंडली’ बोलला म्हणायचं तर ‘इन अ फ्रेंडली वे’ असं म्हणावं लागतं.

उरलेल्या वेळात ‘खूप’. मराठीतला हा शब्द सगळीकडे चालतो: खूप गरम, खूप आवडतं, खूप पळाला. इंग्रजीत ‘व्हेरी हॉट’ ठीक, पण ‘आय व्हेरी लाइक मँगोज’ चालत नाही. ‘आय लाइक मँगोज व्हेरी मच’. आणि चहा इतका गरम की पिता येत नाही, तेव्हा ‘टू हॉट’. ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांतला फरक मी नेहमी विचारूनच काढते: मग प्यायलास की नाही प्यायलास? प्यायलो म्हटलं की ‘व्हेरी’, नाही म्हटलं की ‘टू’.

तास संपताना एक मुलगा विचारतो, “मॅडम, ‘वॉक स्लोली स्लोली’ चालेल का?” नाही चालत. मात्र प्रश्न चांगला आहे, कारण मराठीत ‘हळू चाल’ आणि ‘पाणी हळूहळू चढलं’ यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द लागतो, ‘ग्रॅज्युअली’. मी तो उद्याच्या फळ्यासाठी लिहून ठेवते.

दीड

मधली सुट्टी. पोषण आहाराच्या खिचडीची रांग, वाढणं, नळावरची गर्दी. शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाचे सर डबा उघडता उघडता विचारतात, “मॅडम, एका मुलानं प्रयोगवहीत ‘मोस्ट बिगेस्ट बीकर’ लिहिलंय. हे काय करायचं?” मी त्यांना सांगते की या चुकीचं घराणं मोठं आहे. ‘अर’ आणि ‘एस्ट’ ही इंग्रजीची जुनी रूपं, जर्मन आणि डच या तिच्या भावंडांकडेही आहेत. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून तुलना करण्याची चाल मागाहून रुळली. दोन्ही शेजारी नांदत असताना लोक दोन्ही एकदम लावत. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी असं दुहेरी रूप आहे. पुढे रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी, 1762 मधल्या त्याच्या पुस्तकात, ही दुहेरी रूपं त्याज्य ठरवली, आणि आज ती परीक्षेत चूकच आहेत. सर म्हणतात, मग गुण कापू ना? कापा, पण चूक का आहे हे मुलाला सांगून कापा. एका अक्षरावयवाच्या शब्दाला ‘अर, एस्ट’, ‘हॅपी’सारख्याला ‘हॅपिअर’, आणि ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब शब्दाला ‘मोअर, मोस्ट’. दोघांपैकी एकच.

अडीच

नववी, आणि दिवसातला माझा सर्वांत आवडता तास. विषय जोडविशेषणं. मी वर्गाला शाळेमागच्या मैदानात नेते. कुंपणाच्या घाणेरीवर बुलबुल आहेत, पलीकडे ओढ्यावरच्या तारेवर खंड्या बसतो. ग्रंथालयातलं सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हातात आहे. मुंबईहून 1941 साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक इंग्रजीच्या तासाला किती कामाचं आहे हे फार कमी शिक्षकांना ठाऊक आहे. इंग्रजीतली पक्ष्यांची नावं म्हणजे जोडविशेषणांचा खजिना: ‘रेड-व्हेंटेड बुलबुल’, ‘ब्लॅक-विंग्ड काइट’, ‘रोज-रिंग्ड पॅराकीट’, ‘पर्पल-रम्प्ड सनबर्ड’. आपला राज्यपक्षी हरियाल, त्याचं इंग्रजी नाव ‘यलो-फुटेड ग्रीन पिजन’.

मुलांना हे पक्षी आधीच ठाऊक आहेत. बुलबुल दाखवला की चारपाच जण एकदम ओरडतात: लालबुड्या! तेच तर ‘रेड-व्हेंटेड’. ‘लाल’ अधिक ‘बूड’, आणि शेवटी ‘या’. इंग्रजीत ‘रेड’ अधिक ‘व्हेंट’, आणि शेवटी ‘एड’. आता काय काय असंच बनतं ते मुलंच सांगतात: लांबशेपट्या, एकशिंगी, घाऱ्या डोळ्यांचा. लांबशेपट्या म्हणजे ‘लाँग-टेल्ड’, एकशिंगी म्हणजे ‘वन-हॉर्न्ड’. ‘घाऱ्या डोळ्यांचा’ इथे एक मुलगी अडते, कारण मराठीत हे दोन सुटे शब्द आहेत आणि ‘डोळ्यांचा’ अनेकवचनी आहे. इंग्रजीत ‘ग्रे-आइड’; डोळे दोन असले तरी ‘आय’ एकवचनीच.

एकवचन हीच या धड्यातली अवघड जागा. ‘दहा रुपयांची नोट’, ‘बारा वर्षांची मुलगी’ असं मराठी म्हणते, म्हणून वह्यांत ‘टेन रुपीज नोट’ आणि ‘ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड गर्ल’ येतं. बरोबर रूप ‘टेन-रुपी नोट’, ‘ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड गर्ल’. यासाठी मी मराठीतूनच दुसरी वाट काढते. तीनचाकी गाडी, दोनमजली इमारत, बारमाही झरा. आपण ‘तीनचाक्यांची’ म्हणत नाही, ‘तीनचाकी’ म्हणतो. चाकं तीन, पण शब्दात ‘चाक’ एकटंच. दहा रुपये इंग्रजीत नोटेला असेच चिकटतात. एक मुलगा लगेच ‘फाइव्ह-डे टेस्ट मॅच’ आणि ‘ट्वेंटी-ओव्हर मॅच’ म्हणून दाखवतो. क्रिकेटच्या समालोचनातून हे त्याच्या कानावर कधीपासून पडत होतं. आज त्यानं ते ओळखलं.

मग गणपती. एकदंत, लंबोदर, वक्रतुंड. याच मुलांना मराठीच्या तासाला समास शिकवतात आणि बहुव्रीही त्यांना अवघड वाटतो. एक दात ज्याला तो एकदंत: ‘वन-टस्क्ड’. लांब उदर ज्याचं तो लंबोदर: ‘पॉट-बेलीड’. ‘बहुव्रीहि’ हे संस्कृत वैयाकरणांनी ठेवलेलं नाव पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनीही तसंच घेतलं आणि इंग्रजी व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांत आजही ते छापलं जातं. हे सांगितल्यावर वर्गात एक वेगळीच ऐट येते. इंग्रजी तासाला आमच्या मुलांना सारखं वाटत असतं की इथे आपलं काहीच नाही, सगळं बाहेरून आणायचंय. त्यांच्याकडे आधीपासून असलेली गोष्ट इंग्रजीच्या ग्रंथांत आहे हे त्यांना कळणं मला दहा गुणांच्या प्रश्नापेक्षा मोलाचं वाटतं.

परत वर्गात येऊन आडव्या रेघेचा मुद्दा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या. देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावर परिच्छेद लिहायचा आहे. ‘राहीबाई इज अ वेल-नोन फार्मर’, इथे नामाच्या आधी आलं म्हणून रेघ. ‘राहीबाई इज वेल नोन इन द होल कंट्री’, इथे क्रियापदानंतर आलं, रेघ नाही. ‘हायली रिस्पेक्टेड वूमन’मध्ये नामाच्या आधी असूनही रेघ नाही, कारण ‘एलवाय’नंच जोड दाखवलीय. आणि तुलना? ‘मोअर वेल-नोन’ कानाला खटकतं. ‘वेल’चंच रूप बदलायचं: ‘बेटर-नोन’, ‘बेस्ट-नोन’. सकाळचा तरतमभाव आणि दुपारचं जोडविशेषण इथे एका शब्दात भेटतात. घंटा होते तरी पुढच्या दोन बाकांवर लिहिणं चालूच आहे.

चार

पाचवी. दिवसाच्या शेवटच्या तासाला या वयाच्या मुलांना बसवून ठेवण्यात अर्थ नाही. चौघं पळतात, बाकीचे ओरडतात: फास्ट, फास्टर, फास्टेस्ट! इथे मुलांची तुलना होते, पण शर्यत दर वेळी वेगळी असते: एकदा पळण्याची, एकदा दगड रचण्याची, एकदा न सांडता पाणी नेण्याची. ‘मोस्ट केअरफुली’ कोण गेलं हे मुलंच ठरवतात, आणि पळण्यात शेवटी आलेली मुलगी इथे पहिली येते.

पाच

एसटीच्या थांब्यावर दहावीच्या मुली. एकीचा भाऊ भंडारदऱ्याच्या बाजूला पर्यटकांच्या तंबूंवर काम करतो. पावसाळ्याच्या तोंडाला काजवे बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, काही परदेशीही असतात. ती विचारते, “मॅडम, ‘काजवे अंधारात जास्त छान दिसतात’ हे कसं म्हणायचं? त्याला सांगायचंय.” बसायला वेळ नाही, उभ्याउभ्याच आम्ही वाक्य बांधतो. ‘लुक मोअर ब्यूटिफुल इन द डार्क’. ती आधी ‘ब्यूटिफुली’ म्हणते, मग स्वतःच थांबते आणि विचारते, काजवे बघतायत की दिसतायत? आणि ‘ब्यूटिफुल’वर येते. गाडी लागते.

रात्री आठ

नववीचे राहीबाईंवरचे परिच्छेद. एकानं ‘हार्ड-वर्किंग’ लिहून पुढच्याच ओळीत ‘शी वर्क्स हार्डली’ लिहिलंय. समासात ‘आठवीच्या वहीतलं हार्डचं पान बघ’ अशी खूण करते. बऱ्याच जणांनी ‘बेस्ट-नोन’ रेघेसकट बरोबर आणलंय. एका मुलीनं न सांगता तुलना केलीय: आजीचं बियाणं दुकानातल्यापेक्षा ‘स्ट्राँगर’ आहे, पण पीक ‘मोअर स्लोली’ येतं. ‘स्ट्राँगर’ला विशेषणाचं रूप, ‘मोअर स्लोली’ला क्रियाविशेषणाचं, दोन्ही जागच्या जागी. हे वाक्य उद्या नऊच्या तासाला तिच्याचकडून फळ्यावर लिहून घ्यायचं, आणि त्याखाली दहावीला विचारायचं: हेच ‘ॲज… ॲज’ वापरून सांगा.